आजोबा घरी नसतील तेव्हा

“आजी, ते आजोबा जिवंत आहेत की गेले?”

असा प्रश्न कुणी कुणाला विचारतं का? मी विचारला. जपानीत विचारला, पंचाहत्तरीच्या एका परक्या बाईंना, त्यांच्याच बागेत उभी राहून, वर तोंडभर हसत. शर्वरीने पैज लावली होती, विचारलंस तर माझ्याकडचा भडंगाचा शेवटचा पुडा तुझा. कोल्हापूर सोडून पाच दिवस झाले होते. भडंगासाठी मी तेव्हा याहून वाईटही काही विचारलं असतं.

फुमी आजी हसल्या नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं.

दोन वर्षं झाली त्याला. आठवीची परीक्षा देऊन आम्ही मोकळ्या झालो होतो. आमच्या शाळेची आणि जपानमधल्या शिरासावा नावाच्या डोंगरातल्या गावाची मैत्री जुळली होती, आणि मे महिन्यात आम्ही तिघी तिकडे गेलो होतो. मी, शर्वरी आणि रोज हुपरीहून एसटीने शाळेला येणारी वैदेही. सोबत चित्रकलेच्या दातार बाई. बाईंना जपानीचा ज नाही. सगळी भिस्त माझ्यावर.

आणि माझं काय सांगू! वर्षभरापूर्वीपर्यंत मी हजेरीला ‘हजर’ म्हणायची ते बाकावरच्या मुलीलासुद्धा ऐकू जायचं नाही. मग रविवारच्या क्लासने मला पुण्याला जपानी भाषणाच्या स्पर्धेला ढकललं आणि मी चक्क पहिली आले. तेव्हापासून तोंड उघडलं ते बंदच होईना. विमानतळावर मी बोलायची, हॉटेलात मी बोलायची, दातार बाईंनी फोनमधलं भाषांतराचं काहीतरी काढलं की, “बाई, फोन कशाला? मी आहे ना!”

शिवाय मला ती जागा हवी होती. शिरासावाच्या शाळेत वर्षभर राहून शिकायला आमच्या शाळेतली एक मुलगी नेणार होते. कोण, ते दातार बाई ठरवणार होत्या, याच सहलीत. घरी आई म्हणाली होती, “बाई म्हणाल्या की ही जबाबदार आहे, तर जा. नाहीतर नाव काढायचं नाही.” त्यामुळे त्या आठ दिवसांत मला सगळं येत होतं, सगळं कळत होतं. न कळून चालणारच नव्हतं.

तर त्या बागेतली पहिली सकाळ.

फुमी आजींची बाग अख्ख्या डोंगरउतारावर पसरलेली. जमिनीला चिकटून वाढणारी बारीक गुलाबी फुलं, इतकी दाट की माती दिसू नये. मधून जांभळे आयरिसचे पट्टे. दातार बाईंनी वरच्या बाकावर बैठक मारली, रंगांचा डबा उघडला आणि म्हणाल्या, “पोरींनो, मला आता हाक मारू नका.” आम्ही आजींच्या मागून खाली निघालो. खाली, बागेच्या तळाशी एक खळगा होता, खोलगट वाटीसारखा. त्यात गरम पाण्याचा झरा. भोवती फळ्या टाकलेल्या, बसून पाय सोडायला.

उतरताना मला दोन गोष्टी दिसल्या होत्या. फुलांच्या अगदी खालच्या दोन रांगा करपलेल्या होत्या, कुणी इस्त्री फिरवावी तशा तपकिरी. आणि फळ्यांवर मधमाश्या पडल्या होत्या. सात-आठ तरी. पाय वर करून. वैदेही म्हणाली, “ऊन बाधलं असेल.” ऊन कुठे होतं? ढग होते.

अर्ध्या वाटेवर एक वळण होतं. तिथे आजी थांबल्या, मान वर करून डोळे मिटले आणि जोरात वास घेतला. वास म्हणजे सडक्या अंड्यांचा. आम्ही नाकाला ओढण्या लावल्या होत्या आणि या बाई गुलाब हुंगावा तसा हुंगत होत्या!

“इरु, इरु,” त्या समाधानाने म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

शर्वरीने मला कोपर मारलं. “काय म्हणाल्या?”

“‘आहे, आहे’ म्हणाल्या.”

“काय आहे?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्याच अंगावर काटा आला. “काय नाही गं. कोण. जपानीत वस्तू असली तर ‘आरु’ म्हणतात. जिवंत माणूस असेल तर ‘इरु’. आजी ‘इरु’ म्हणाल्या.”

खाली खळग्यात कुणीच नव्हतं. नुसती वाफ, जमिनीलगत सरकणारी.

“ए, चला वर जाऊया,” वैदेही म्हणाली.

“गप गं. जुई, विचार की कोण आहे ते.”

मी विचारलं. आजींनी मागे न वळता सांगितलं, “जीसान.”

“आजोबा,” मी भाषांतर केलं.

मग पुढचं सुचायला शर्वरीला किती वेळ लागतो! “विचार, जिवंत आहेत की गेले. विचारून दाखव. भडंग तुझं.”

तर असा तो प्रश्न. आणि आजींनी माझं मनगट धरलं. हात खरखरीत, पकड पक्कडीसारखी. त्या भराभर बोलायला लागल्या. क्लासच्या रेकॉर्डिंगमधली बाई कशी एकेक शब्द मांडून ठेवते! हे तसलं नव्हतं, अर्धे शब्द गिळलेले, डोंगरातले. मला आजोबा कळले. ‘नसले’ कळलं. आणि शेवटचा शब्द कळला, आगात्ते. तो तर पहिल्या पाठातला! कुणाच्या दारात गेलं की यजमान म्हणतात, आगात्ते, या, वर या, आत या, संकोच नको.

“वाकात्ता?” आजींनी विचारलं. कळलं?

“हाय!” मी म्हणाले. हो!

त्यांनी मनगट सोडलं नाही. परत तेच सांगितलं, आणखी हळू. आजोबा. नसले. आगात्ते. “वाकात्ता?”

“हाय!”

तिसऱ्यांदाही त्यांनी तेच सांगितलं, माझ्या डोळ्यांत बघत. वर बाकावरून बाई आमच्याकडे बघतायत हे मला दिसत होतं. मी मान जोरात हलवली. “हाय, हाय, वाकात्ता!”

“एवढं काय गं सांगत होत्या?” आजी पुढे गेल्यावर वैदेहीने विचारलं.

“आजोबा तापट आहेत म्हणे. ते घरी असले की गडबड करायची नाही. ते नसले की खुशाल आत या.”

“म्हणजे जिवंत आहेत?” शर्वरी हिरमुसली.

“असतील.”

“आणि हा वास त्यांचाच. अंघोळ करत नसणार.”

आम्ही इतक्या हसलो की वैदेहीला ठसका लागला. त्या दिवशी आजींसोबत बसून आम्ही दहा मिनिटं पाय शेकले. आजींनी सतत नाक वर ठेवलेलं. मग एकदम उठल्या आणि आम्हाला पुढे घालून वर घेऊन आल्या.

“काय म्हणत होत्या त्या?” बाईंनी ब्रश धुता धुता विचारलं. “बराच वेळ बोलत होत्या तुझ्याशी. नीट कळलं ना?”

“सगळं कळलं, बाई. त्यांच्या घरच्या गोष्टी.”

बाई कौतुकाने हसल्या. मला वर्षभराची जागा डोळ्यांसमोर दिसली.

संध्याकाळी वैदेहीने पाय पुढे करून दाखवले. हुपरीची चांदी ती, तिच्या वडिलांनी स्वतः घडवलेले पैंजण. काळे कुट्ट पडले होते.

“एका दिवसात?” शर्वरीने बोटाने घासून बघितलं. निघेना.

“आमच्याकडे चांदी काळी पडली की पप्पा आधी विचारतात, कुठे ठेवली होती? चांदीला खोटं बोलता येत नाही म्हणतात.” वैदेहीने पाय पांघरुणात ओढून घेतले. “मला नको उद्या तिकडे.”

“भित्री!” आम्ही दोघी एका सुरात म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा अगदी पडला होता. बागेतलं एक पान हलत नव्हतं. डोंगरावर धुकं उतरून बसलं होतं आणि काल ओरडणारे कावळे कुठे गेले होते कुणास ठाऊक. बाई वरच्या बाकावर जांभळ्यात निळा मिसळत होत्या. फुमी आजी आमच्यासाठी जेवण आणायला घराकडे वळल्या होत्या. जाताना मला काहीतरी म्हणाल्या. ‘थांबा’ होतं का त्यात? मी म्हणाले, “हाय!”

आणि आम्ही निघालो. वैदेही कुरकुरत, तरी आली.

वळणावर वास असा अंगावर आला की डोळ्यांना पाणी. “आजोबा आहेत!” शर्वरी कुजबुजली. “आज लय चिडलेत.”

“मग परत फिरूया,” वैदेही.

“दोन पावलं जाऊन बघू. रागावले तर पळू.”

दहा पावलं उतरलो असू. आणि वास गेला. हळूहळू कमी होत नाही गेला, दिवा मालवावा तसा गेला. मी श्वास घेतला, परत घेतला. काही नाही. स्वच्छ, गोडसर हवा.

“गेले!” शर्वरीने टाळी वाजवली. “आजोबा घरी नाहीत!”

“मग काय,” मी यजमानासारखा हात पसरला, “खुशाल आत या!”

आम्ही फळ्यांवर बसलो. पाणी काय मस्त होतं! कपाळ थोडं ठणकत होतं, घशात खवखव होती, शर्वरीचे डोळे लालभडक झालेले. आम्ही म्हटलं धुकं आहे. मी माझ्या वर्षभराच्या बेतांबद्दल बोलत होते, इथे राहीन, सायकल घेईन, सुट्टीत तुम्ही या. बोलता बोलता मला माझाच आवाज लांबून यायला लागला.

“माझी कडी निसटली,” वैदेही म्हणाली. पैंजणाची कडी फळीच्या खाली पडली होती. ती काढायला ती वाकली, पार पाण्यापर्यंत.

“सापडली का?” मी विचारलं.

ती बोलली नाही.

तेवढ्यात वरून हाक आली. वळणावर फुमी आजी उभ्या होत्या. हातातला डबा पडलेला, भात फुलांवर सांडलेला.

“आगात्ते! आगात्ते!”

आणि मी काय केलं असेल? मी हात हलवला. “हाय! आत या म्हणतायत गं,” मी शर्वरीला सांगितलं, माझी जीभ जड झाली होती, “सांग त्यांना, आलोय आम्ही.”

“आगात्ते!” आता त्या किंचाळत होत्या. आणि दोन्ही हात खालून वर, खालून वर उचलत होत्या, डोक्यावर ओझं चढवावं तसे.

वर.

तेव्हा तो शब्द माझ्या डोक्यात फिरला. जपानी घराला उंबऱ्याशी पायरी असते म्हणून ‘वर या’ म्हणजे ‘आत या’. पण आम्ही घरात नव्हतो. आम्ही पाण्यात होतो, खड्ड्यात होतो. इथे ‘वर या’ म्हणजे बाहेर या. निघा तिथून. आजोबा नसले की लगेच वर या. हेच सांगत होत्या त्या, मनगट धरून, तीनदा.

“शर्वरी, ऊठ! वैदेही!”

वैदेही उठली नाही. ती वाकलेलीच होती, गाल फळीला टेकलेला, एक हात पाण्यात. आम्ही तिला काखेत धरून ओढलं. ती हलेना. माझ्या पायांत ताकदच नव्हती, शर्वरी गुडघ्यांवर बसून ओकायला लागली. मग ओला टॉवेल तोंडाला बांधलेली एक बुटकी आकृती माझ्या बाजूने खाली गेली. त्या आजींनी, माझ्या खांद्याएवढ्या आजींनी, वैदेहीला पोत्यासारखं पाठीवर घेतलं. मी शर्वरीला ढकलत होते, आजी मला डोक्याने ढकलत होत्या. वळणाच्या वर आल्यावर त्यांनी वैदेहीला फुलांवर ठेवलं, टॉवेल सोडून तिच्या तोंडावर पाणी मारलं, आणि मग स्वतः तिच्याशेजारी आडव्या झाल्या. झोप आल्यासारख्या.

बाई रंगाचे हात तसेच घेऊन धावत आल्या.

तालुक्याच्या दवाखान्यात वैदेहीने रात्र पडायच्या आत डोळे उघडले. आजींनी उघडले नाहीत. डॉक्टरांनी फोनमध्ये बोलून बाईंना समजावलं. झऱ्यातून विषारी वायू येतो, वारा पडला की खळग्यात साठतो. थोडा असेल तोवर घाण वास येतो. जास्त झाला की नाकच मरतं, वास येतच नाही. गावातले जुने लोक त्या वासाला आजोबा म्हणतात. आजोबा घरी आहेत तोवर भ्यायचं कारण नाही.

मग गावाच्या कचेरीतला एक माणूस आला, काळ्या कोटातला. तोही फोनमध्येच बोलला. फोनने मराठीत विचारलं, “मालकिणीने मुलींना धोक्याची सूचना दिली होती का?”

बाई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या बोटांवर अजून जांभळा रंग होता. “आठव बाळा. काही सांगितलं होतं का त्यांनी?”

शर्वरी भिंतीला टेकून झोपली होती. मी पायांकडे बघितलं.

“नाही, बाई.”

दोन शब्द. स्पर्धेत सात मिनिटं बोलले होते, त्यापेक्षा जड.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही आजींना बघायला गेलो. नाकात नळी, आवाज कागदासारखा. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि या वेळी एकेक शब्द सुटा करून, रेकॉर्डिंगमधल्या बाईसारखं, म्हणाल्या, “मी नीट सांगितलं नाही. चूक माझी. माफ कर.” आणि पडल्या पडल्या मान वाकवली. मला प्रत्येक शब्द कळला.

“काय म्हणाल्या?” बाईंनी विचारलं.

“लवकर बऱ्या व्हा म्हणाल्या,” मी सांगितलं.

जूनमध्ये शाळा उघडली आणि पत्र आलं. बाईंनी माझं नाव दिलं होतं. प्रसंगावधान दाखवून मैत्रिणींना वाचवलं, असं त्यात लिहिलं होतं. संध्याकाळी बाबा चष्मा लावून, पेन घेऊन फॉर्म भरायला बसले. आईने शेजारणीलाही सांगून टाकलं होतं.

“वैदेहीच्या वडिलांचा फोन होता,” बाबा लिहिता लिहिता म्हणाले. “त्यांनी तिकडच्या कचेरीला तक्रार धाडलीय. बाग काढून घ्या, झरा बुजवा, म्हातारीवर खटला भरा. बरोबरच आहे म्हणा. पोरींना सांगायला नको? साक्षीदार म्हणून तुझं नाव घातलंय त्यांनी. चालेल ना?”

“आजी कशा आहेत?”

“कोण आजी? ती होय? अजून दवाखान्यातच आहे म्हणाले.” बाबांनी फॉर्म उलटला. “इथे माझी सही, इथे आईची.”

“बाबा, सही करू नका.”

“का? काय झालं?”

“त्यांनी सांगितलं होतं. तीनदा. माझा हात धरून. मला कळलं नाही आणि मी कळलं म्हणाले. मग कुणी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलंच नाही, असं मी सांगितलं.”

आई आतून आली होती. तिने आधी दार लोटलं. “हळू बोल. कुणाकुणाला सांगितलंस हे?”

“कुणालाच नाही.”

“मग राहू दे ना! पोरगी बरी आहे, आपल्या घरी आहे. ती बाई सातासमुद्रापलीकडे. कोण विचारायला येणार आहे तुला?”

“अगं, पण तिची बाग…”

“तुझं वर्ष जाईल हातचं, जुई,” बाबा म्हणाले. त्यांनी पेनाला टोपण लावलं होतं, पण फॉर्म अजून हातात धरला होता. “शाळा परत नाव देणार नाही. शिवाय वैदेहीच्या घरचे काय म्हणतील? त्यांच्या पोरीचा जीव जाता जाता राहिलाय. तुला कळतंय का?”

“नाही, सगळं नाही कळत,” मी म्हणाले. “उद्या सातच्या एसटीने मी हुपरीला जाणार आहे. काकांना मी स्वतः सांगणार, त्यांनी दारात उभं केलं नाही तरी दाराबाहेरून सांगणार. तिथून शाळेत, बाईंकडे. मग त्या कचेरीला मी माझ्या हाताने लिहिणार. तुम्ही दोघं आलात तर मला बरं वाटेल. नाही आलात तरी मी जाणार आहे.”